हद्द ओलांडणारा गुन्हेगार आणि हद्दीत अडकलेला कागद

कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने, म्हणजे आरसीएमपीने, १९८० च्या दशकाच्या मध्यावर एक संगणकीय नोंदवही सुरू केली. देशभरातले गंभीर गुन्हे तिच्यात भरायचे आणि एकाच माणसाने वेगवेगळ्या ठिकाणी केलेले गुन्हे त्यातून हुडकून काढायचे, असा बेत होता. १९९० उजाडेपर्यंत तिच्यात जवळपास ८०० प्रकरणं भरली गेली. त्यातली एकमेकांशी जोडली किती गेली? एकही नाही.

हे मुद्दाम आधी सांगितलं. मालिका पाहून आपला समज असा झालेला असतो की पोलिसांच्या संगणकात गुन्ह्याची माहिती टाकली की पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर येतं. तसं कुठल्याच देशात होत नाही. खून, बलात्कार, अपहरण असे गुन्हे सामाईक नोंदींच्या आधारे जोडले जातात हे खरं, पण त्यात यंत्राचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आणि फॉर्म भरणाऱ्या पोलिसाचा वाटा बराच जास्त असतो. निदान माझं तरी तसं मत झालंय, आणि ते का, हे पुढे येईलच.

आधी मूळ अडचण. बहुतेक खुनांत मारणारा आणि मरणारा एकमेकांच्या ओळखीचे असतात. त्यामुळे तपास मृताच्या घरापासून, शेजारापासून, पैशाच्या व्यवहारापासून सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथेच कुठेतरी उत्तर सापडतं. पण मारणारा पूर्ण अनोळखी असेल तर या वाटेने गेलेला तपास भिंतीला धडकतो. अशा वेळी धागा मिळण्याची एक मोठी शक्यता असते ती त्याच माणसाच्या दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात. तिथे कोणीतरी त्याला पाहिलेलं असतं, गाडीचा अर्धा नंबर आठवत असतो, एखादी पीडिता वाचलेली असते. आणि तो दुसरा गुन्हा नेमका दुसऱ्या ठाण्याच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या, कधी दुसऱ्या राज्याच्या हद्दीत घडलेला असतो.

लॉस एंजेलिस पोलीस दलातले पिअर्स ब्रूक्स या अडचणीत १९५० च्या दशकाच्या शेवटी सापडले. काही तरुण स्त्रियांच्या खुनांचा तपास त्यांच्याकडे होता. खुनी हात सराईत वाटत होता, म्हणजे त्याने याआधीही असं काही केलं असावं. पण हे विचारायचं कोणाला? ब्रूक्स सवड मिळेल तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन इतर शहरांच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळत बसत. खात्यासाठी संगणक घ्यावा असंही त्यांनी सुचवलं होतं, पण तेव्हाच्या संगणकाची किंमत आणि आकार पाहता ते कोणी मनावर घेण्यासारखं नव्हतं. खुनी हार्वी ग्लॅटमन १९५८ मध्ये पकडला गेला, तोही नोंदींमुळे नव्हे. एका स्त्रीने त्याच्याशी झटापट केली म्हणून. ब्रूक्सनी मात्र ती कल्पना सोडली नाही. १९८३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि १९८५ मध्ये एफबीआयचा ‘व्हायकॅप’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच झाले.

व्हायकॅपची रचना साधी होती. स्थानिक पोलिसाने खुनाची माहिती १८९ प्रश्नांच्या छापील फॉर्मवर भरायची, तो फॉर्म व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला पाठवायचा, आणि तिथले विश्लेषक तो इतर प्रकरणांशी ताडून बघणार. अमेरिकेत लहानमोठी मिळून सुमारे १८ हजार पोलीस दलं आहेत. फॉर्म पाठवणं ऐच्छिक होतं. आता जरा त्या स्थानिक पोलिसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. डोक्यावर दहा तपास आहेत, वरिष्ठांचे फोन येताहेत, आणि १८९ प्रश्नांचा फॉर्म भरून परक्या ऑफिसला पाठवायचा, ज्यातून आपल्या प्रकरणाला काही मिळेल याची शाश्वती नाही. तो भरेल का? बहुतेकांनी भरला नाही. पुढे प्रश्न निम्म्याने कमी केले गेले, २००८ मध्ये प्रणाली इंटरनेटवरून वापरता येऊ लागली. तरीही २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका शोधपत्रकारिता संस्थेने हिशोब मांडला तेव्हा सहभागी दलं फक्त १,४०० च्या आसपास निघाली आणि वर्षभरात घडणाऱ्या हिंसक गुन्ह्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी गुन्हे तिथे पोचत होते.

कॅनडा वेगळ्या वाटेने गेला, कारण त्याला तशी ठेच लागली होती. ती हकिगत नीट सांगायला हवी.

टोरांटो आणि सेंट कॅथरिन्स

१९८७ पासून टोरांटोच्या पूर्वेकडच्या स्कारबरो भागात एक माणूस रात्री बसमधून उतरून घरी चाललेल्या तरुणींवर हल्ले करत होता. तीन वर्षं हे चाललं. १९९० मध्ये पोलिसांनी एका पीडितेच्या वर्णनावरून काढलेलं रेखाचित्र प्रसिद्ध केलं आणि सूचनांचा पाऊस पडला. त्यात पॉल बर्नार्डो या तरुण अकाउंटंटचं नाव होतं, एकदा नव्हे तर वेगवेगळ्या लोकांकडून. नोव्हेंबर १९९० मध्ये पोलीस त्याला भेटले. तो नीटनेटका, हसतमुख, सहकार्य करणारा. त्याने रक्त, लाळ आणि केसांचे नमुने स्वतःहून दिले.

ते नमुने प्रांताच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले. डीएनए तपासणी तेव्हा नवी होती, प्रशिक्षित माणसं मोजकी होती आणि नमुन्यांची रांग लांब. स्कारबरोतले हल्लेही थांबले होते, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. बर्नार्डोच्या नमुन्याचा निकाल आला फेब्रुवारी १९९३ मध्ये. सव्वादोन वर्षांनी.

हल्ले थांबले होते याचं कारण इतकंच की हल्लेखोराने घर बदललं होतं. १९९१ च्या सुरुवातीला बर्नार्डो ऑन्टारिओ सरोवराच्या पलीकडच्या सेंट कॅथरिन्स शहरात राहायला गेला. रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण पोलीस दल वेगळं, फायली वेगळ्या. जून १९९१ मध्ये एका शाळकरी मुलीचं आणि एप्रिल १९९२ मध्ये दुसरीचं अपहरण होऊन खून झाला. या खुनांसाठी खास तपास पथक नेमलं गेलं. मे १९९२ मध्ये त्या पथकाचे अधिकारी बर्नार्डोच्या घरी जाऊनही आले! थोडा वेळ बोलले, माणूस बरा वाटला. स्कारबरोच्या प्रकरणात याचं नाव आलं होतं हे कळल्यावर टोरांटोकडे विचारणाही झाली, पण तिथल्या फायलीत काय काय आहे याचं पूर्ण चित्र सेंट कॅथरिन्सला वेळेत मिळालं नाही. आणि टोरांटोचा तपास ज्यांच्याकडे होता त्यांच्या दृष्टीने खून हा त्यांचा विषयच नव्हता.

खुनीही तोच निघाला. बर्नार्डोला जन्मठेप झाली १९९५ मध्ये. त्यानंतर न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांनी या सगळ्या तपासाचा आढावा घेतला. त्यांचा अहवाल १९९६ मध्ये आला. तो वाचताना जाणवतं ते असं की कॅम्बेल कोणा एका अधिकाऱ्याला फासावर चढवायला बसलेले नाहीत. अधिकारी मेहनती होते, प्रामाणिक होते, हे ते पुन्हा पुन्हा म्हणतात. त्यांचा रोख व्यवस्थेवर आहे: ही पोलीस दलं जणू वेगवेगळ्या देशांत काम करत असावीत अशी वागत होती. आणि त्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक अगदी रूक्ष होता. फॉर्म भरणं सक्तीचं करा.

फॉर्ममध्ये असतं काय

हा फॉर्म म्हणजे ‘व्हायक्लास’चा. ८०० प्रकरणांतून शून्य निष्पन्न झाल्यावर आरसीएमपीच्या इन्स्पेक्टर रॉन मॅके यांनी अमेरिकेतल्या निरनिराळ्या प्रणाली पाहिल्या आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली नवी प्रणाली उभी केली. प्रश्न २६२. नंतरच्या आवृत्त्यांत ते बरेच कमी झाले, तरी शंभराच्या वरच राहिले.

हल्ला कुठून झाला, समोरून गोड बोलून की मागून झडप घालून? आरोपी आला कसा, गेला कसा? शस्त्र सोबत आणलं होतं की तिथलंच उचललं? पीडितेने विरोध केल्यावर त्याने काय केलं: चिडला, घाबरला, समजूत घातली? तो काय बोलला? तिला काय बोलायला लावलं? जाताना काही नेलं का, आणि नेलं ते विकण्याजोगं होतं की नुसतंच वैयक्तिक? पीडितेचा दिनक्रम काय, ती कोणत्या वाटेने जायची? आपल्याकडच्या पंचनाम्यात जागेचं मोजमाप इंचाइंचात असतं. इथे भर वागणुकीवर आहे.

कोणती प्रकरणं भरायची, हेही ठरलेलं आहे. खून आणि खुनाचे प्रयत्न, लैंगिक अत्याचार, घातपाताचा संशय असलेल्या बेपत्ता व्यक्ती, खून झाल्याची शंका असलेले अनोळखी मृतदेह, आईवडिलांनी न केलेली अपहरणं. उघडकीस आलेली प्रकरणंसुद्धा. हे ऐकून पहिल्यांदा माणूस चक्रावतो. आरोपी सापडलाय, मग फॉर्म कशाला? पण विचार केला की उमगतं. न सुटलेल्या दोन गुन्ह्यांची जोडी लागली तर तपासाला मदत होते, नाव मिळत नाही. न सुटलेला गुन्हा सुटलेल्या गुन्ह्याशी जुळला तर नाव हातात येतं.

आता जुळवायचं कसं, हा या विषयाचा गाभा. पत्रिका जुळवताना ३६ पैकी गुण मोजतात आणि १८ भरले की पुढची बोलणी सुरू होतात. इथे तसं गुण मोजून चालत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नोंदींत १,००० प्रकरणं आहेत. त्यातले ६०० गुन्हे रात्री घडलेत, ४०० मध्ये चाकू आहे, ५०० मध्ये आरोपीने ‘ओरडलीस तर मारीन’ अशी धमकी दिलीय. दोन प्रकरणांत या तिन्ही गोष्टी सारख्या निघाल्या तर काय कळलं? फारसं काही नाही. अशी प्रकरणं शंभरावर असतील. आता समजा, जाताना आरोपीने पीडितेचं ओळखपत्र नेलं, हे फक्त १० प्रकरणांत आहे, आणि त्याने मध्येच तिची माफी मागितली, हे ५ मध्ये. या दोन्ही गोष्टी असलेली दोन प्रकरणं सापडली तर विश्लेषक खुर्चीत सरसावून बसतो. साम्य किती आहे यापेक्षा ते किती दुर्मीळ आहे, हे महत्त्वाचं. आणि ते दुर्मीळ आहे की नाही हे कळायला नोंदींत भरपूर प्रकरणं हवीत. ज्या नोंदवहीत एक टक्काही गुन्हे पोचत नाहीत तिच्यात दुर्मीळ काय आणि नेहमीचं काय, हे सांगणार कसं?

दुसरी मेख अशी की गुन्हेगार शिकत असतो. त्याच्या वागण्याचा एक भाग निव्वळ कामापुरता असतो: पकडलं जाऊ नये, पीडिता पळू नये, आपण निसटावं. तो भाग बदलतो. वर्तमानपत्रात ठशांची बातमी आली की हातमोजे येतात. दुसरा भाग गुन्हा पार पाडायला गरजेचा नसतो, तो त्या माणसाच्या मनातल्या कसल्यातरी हव्यासातून येतो, आणि तो सहसा टिकतो. अर्थात हा टिकण्याचा नियमही ठिसूळ आहे. कधी पीडितेने वेगळा प्रतिकार केला, कधी कोणी येताना दिसलं, आणि सगळं वेगळंच घडलं. म्हणून व्हायक्लासच्या विश्लेषकाने जोडी शोधली तरी तिला ‘संभाव्य’ एवढाच शिक्का मिळतो. ती दोन्हीकडच्या तपास अधिकाऱ्यांना कळवायची, त्यांनी फायली समोरासमोर ठेवायच्या, साक्षीदारांना पुन्हा भेटायचं, नमुने पुन्हा तपासायचे. खरी ठरली तर ठरली.

टोरांटो आणि सेंट कॅथरिन्स ज्या प्रांतात येतात त्या ऑन्टारिओने १९९७ पासून हा फॉर्म पोलिसांवर बंधनकारक केला. पुढे ही प्रणाली बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन अशा अनेक देशांनी घेतली. म्हणजे कल्पना अमेरिकेची, शिस्त कॅनडाची, आणि जगाने उचललं ते शिस्तीसकट.

व्हायकॅप अगदीच वाया गेलं असं मात्र म्हणता येत नाही. सॅम्युअल लिटल नावाच्या माणसाला २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बेघरांच्या निवाऱ्यातून अटक झाली. १९८० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या तीन खुनांशी त्याचा डीएनए जुळला होता. व्हायकॅपच्या विश्लेषकांनी मग त्याचा जुना माग काढला: कोणत्या वर्षी कोणत्या राज्यात त्याला कशासाठी पकडलं होतं आणि त्या सुमारास तिथे कोणत्या स्त्रिया मृत सापडल्या होत्या. टेक्सासमधलं एक न सुटलेलं प्रकरण जुळण्यासारखं निघालं. तिथला रेंजर, म्हणजे राज्य पोलिसांचा तपास अधिकारी, २०१८ मध्ये त्याच्याशी बोलायला बसला आणि लिटलने एकेक करत ९३ खुनांची कबुली दिली. एफबीआयने त्यातले ५० हून अधिक पडताळून पाहिले.

यात एक गोष्ट फार अस्वस्थ करणारी आहे. त्यातले कित्येक मृत्यू खून म्हणून नोंदलेच गेले नव्हते. कुठे नशेचा अतिरेक, कुठे अपघात, कुठे ‘कारण अनिश्चित’. मेलेल्या स्त्रिया बहुतेक गरीब, बऱ्याच कृष्णवर्णीय, कोणी देहविक्रय करणारी, कोणी व्यसनात अडकलेली. खुनाची नोंदच नाही म्हटल्यावर खुनांच्या नोंदवहीत ते प्रकरण येणार कुठून?

डीएनए असताना हे कशाला?

साहजिक प्रश्न आहे. डीएनएने जोडलेली जोडी वागणुकीने जोडलेल्या जोडीपेक्षा कितीतरी भक्कम असते. डीएनएच्या नोंदींची अमेरिकेची ‘कोडिस’ ही यंत्रणा राष्ट्रीय पातळीवर १९९८ पासून चालू आहे. तिच्यात माणसाचा अख्खा जनुकीय आराखडा नसतो. डीएनएमध्ये काही ठरावीक जागी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कोणत्या जागी किती वेळा, एवढे आकडेच साठवले जातात. आधी अशा १३ जागा पाहत, २०१७ पासून २० पाहतात. आकडे आकड्यांशी ताडायचं काम संगणक चोख करतो. मालिकेतला तो लाल अक्षरांचा पडदा थोडाफार खरा असेल तर तो इथे.

कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात सॅक्रामेंटो परिसरात अनेक घरफोड्या आणि डझनावारी बलात्कार करणारा एक जण होता. १९७९ ते १९८६ दरम्यान राज्याच्या दक्षिण भागात जोडप्यांचे खून करणारा आणखी एक. दोघांना दोन वेगळी टोपणनावं होती. २००१ मध्ये डीएनएने सांगितलं की हे दोघे एकच. पण कोण? त्याचा नमुना नोंदींत नव्हता. नाव कळायला आणखी १७ वर्षं गेली, आणि तेही पोलिसांच्या नोंदींतून नव्हे, तर लोक आपली वंशावळ शोधायला वापरतात त्या संकेतस्थळावरून. गुन्हे जोडणं आणि गुन्हेगार सापडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

आणि पुन्हा तोच कागदाचा प्रश्न, इथे पेटीच्या रूपात. २००९ मध्ये डेट्रॉइट पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या वैद्यकीय तपासणीतल्या नमुन्यांच्या ११ हजारांहून अधिक पेट्या सापडल्या. कधीच प्रयोगशाळेत न गेलेल्या. काही तर १९८० च्या दशकातल्या. त्या तपासायला घेतल्यावर शेकडो असे पुरुष पुढे आले ज्यांच्यावर एकाहून अधिक अत्याचारांचा संशय होता. कोडिस तेव्हा अकरा वर्षांची झाली होती.

उलट बाजूचाही किस्सा आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या जागी एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडत होता. घरफोड्या, खून, २००७ मध्ये हायलब्रोन शहरात झालेली एका तरुण महिला पोलिसाची हत्या, सगळीकडे तीच. पोलिसांनी तिच्यासाठी बक्षीस लावलं. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायला वापरले जाणारे कापसाचे बोळे जिथे तयार होत, तिथली एक कामगार बाई होती ती. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक केल्याने डीएनए जात नाही. नोंदींनी प्रकरणं अचूक जोडली होती. फक्त जोडणारा धागा आरोपीचा नव्हता. हायलब्रोनच्या हत्येमागे नवनाझी टोळी होती, हे २०११ मध्ये बाहेर आलं. त्यातली पहिली दोन वर्षं एका नसलेल्या बाईमागे धावण्यात गेली.

वागणुकीच्या नोंदींचं दुखणं वेगळं. एकाच प्रकरणाची माहिती दोन अधिकाऱ्यांना दिली तरी ते फॉर्म दोन प्रकारे भरतात, हे कॅनडातल्याच अभ्यासांत दिसलंय. ही पद्धत खरोखर किती अचूक आहे याचे पुरावे तोकडे आहेत, अशी टीका तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी उघडपणे केलीय. मला ती रास्त वाटते. म्हणून न्यायालयात उभं राहायचं तर ‘वागणूक जुळते’ एवढ्यावर कोणी विसंबू नये.

आपल्याकडे

२००९ हे वर्ष आपल्याकडच्या पोलिसांसाठी विचित्र योगायोगाचं होतं. त्या वर्षी गोव्यात फोंडा पोलिसांनी शिरोड्याच्या महानंद नाईकला अटक केली. लग्नाच्या आमिषाने स्त्रियांना बोलावून त्यांच्याच ओढणीने गळा आवळायचा आणि दागिने न्यायचे, असे १६ खुनांचे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. पहिला १९९४ चा. काही प्रकरणांत दोष सिद्ध झाला, बरीच पुराव्याअभावी टिकली नाहीत, कारण इतक्या वर्षांनी पुरावा उरणार किती? एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन-अडीच तासांत पोचता येतं अशा राज्यात ही पंधरा वर्षं गेली. बायका बेपत्ता म्हणून नोंदल्या गेल्या आणि ‘कोणाबरोबर तरी गेली असेल’ यावर थांबल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्नाटकात मोहन कुमार पकडला गेला, तो ‘सायनाइड मोहन’. दक्षिण कन्नड भागातल्या मुलींना लग्नाच्या बोलीने तो दूरच्या गावी न्यायचा, आणि बस स्थानकाच्या स्वच्छतागृहात त्या मृत सापडायच्या. मुलीच्या गावात ‘मिसिंग’ दाखल, त्या दूरच्या शहरात अनोळखी स्त्रीच्या अकस्मात मृत्यूची नोंद. दोन ठाणी, दोन रजिस्टरं, आणि दोन्हीकडे खुनाचं नावही नाही. बस स्थानकाच्या स्वच्छतागृहात सायनाइडने मेलेली स्त्री, ही गोष्ट किती दुर्मीळ! अशी वीस प्रकरणं एका टेबलावर आली असती तर शिकाऊ विश्लेषकानेही मान वर केली असती. ती एका टेबलावर आली नाहीत. महाराष्ट्राला हा अनुभव आधीच येऊन गेला होता: अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ मध्ये निरनिराळ्या शहरांतून गरिबांची लहान मुलं उचलली, आणि प्रत्येक ठाण्यात ती एक सुटी हरवल्याची तक्रार राहिली.

आणि २००९ च्याच जूनमध्ये केंद्राने सीसीटीएनएस या प्रकल्पाला मंजुरी दिली: देशातली सगळी पोलीस ठाणी एका जाळ्यात आणायची. आज १६ हजारांहून अधिक ठाणी त्यात आहेत. २०२२ मध्ये बोटांच्या ठशांची राष्ट्रीय यंत्रणा ‘नाफिस’ आली. दुसऱ्या जिल्ह्यातला सराईत आपल्या हद्दीत पकडला गेला तर त्याची कुंडली आता काही मिनिटांत निघते, आणि हा बदल मोठा आहे. मात्र ते माणूस शोधणं झालं. अनोळखी माणसाचे दोन गुन्हे वागणुकीवरून जोडण्यासाठी व्हायक्लाससारखा सक्तीचा, विस्तृत फॉर्म आपल्याकडे नाही. अगदीच काही नाही असंही नाही. तपासाच्या ठरलेल्या नमुन्यांत गुन्ह्याच्या तपशिलाचा एक फॉर्म असतो. त्यात गुन्ह्याची पद्धत, वापरलेलं वाहन, आरोपीने घेतलेलं सोंग, त्याची भाषा किंवा बोली असे रकाने आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत गुन्ह्यांच्या पद्धतींची नोंद ठेवणारी एमओबी शाखा संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे.

अडतं ते आपल्या सरकारी मराठीपाशी, असं मला वाटतं. कुठल्याही ठाण्यातल्या दहा फिर्यादी वाचून पाहा. ‘सदर इसमाने मला शिवीगाळ व दमदाटी करून जीवे ठार मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य दहाही ठिकाणी सापडेल. तो इसम नेमकं काय बोलला, कोणत्या बोलीत बोलला, ‘ताई’ म्हणाला की नावाने हाक मारली, हात थरथरत होता का, जाताना दार ओढून घेतलं का, हे सगळं त्या वाक्याखाली गाडलं जातं. कायद्याच्या कलमात बसवायला ते वाक्य उत्तम आहे. दोन गुन्हे जोडायला ते निरुपयोगी आहे, कारण त्यात दुर्मीळ असं काही उरतच नाही.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावी लागते, त्यालाच आपण झिरो नंबरचा गुन्हा म्हणतो. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायची असते आणि त्याची प्रत मोफत द्यायची असते. वाचून दाखवतात तेव्हा कान देऊन ऐका. आरोपीच्या तोंडचे शब्द तुम्ही सांगितले तसेच्या तसे आलेत का, तो बोलता बोलता काय करत होता ते लिहिलंय का, हे बघा. नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या. ठाणे अंमलदार जरा कुरकुरला तरी चालेल.